अटकळीचा भार

सिद्ध न झालेल्या विचाराला मराठीत नावांची वाण नाही. अटकळ, अंदाज, अदमास, कयास, होरा, तर्क, अनुमान. शेतकरी आभाळाकडे पाहून अंदाज बांधतो, व्यापारी कापसाच्या गाड्या पाहून भावाचा होरा मांडतो, शेजारीपाजारी बंद दाराकडे पाहून तर्क लढवतात. या नावांना जोडून येणारी क्रियापदेही लक्षात घेण्याजोगी आहेत. अंदाज आणि अटकळ 'बांधतात', तर्क 'लढवतात', आणि होरा बहुधा 'चुकतो'. ज्या भाषेने एका मानसिक व्यापारासाठी इतके शब्द राखून ठेवले, तिच्या बोलणाऱ्यांचे बरेचसे आयुष्य खात्रीविना निर्णय घेण्यात गेले असले पाहिजे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. अर्थात हीसुद्धा आमची अटकळच.

यांपैकी 'अंदाज' या शब्दाचे मूळ शोधू जाता एक मौज आढळते. हा फारसी शब्द 'फेकणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. तीर फेकणारा तो तिरंदाज आणि गोळा फेकणारा तो गोलंदाज. आपल्या क्रिकेटच्या मैदानावरील गोलंदाज आणि आपल्या मनातील अंदाज हे असे सख्खे भाऊ आहेत. दुसरीकडे, ख्रिस्तसभेची शतकानुशतकांची भाषा जी लॅटिन, तिच्यात अटकळीला 'कोन्येक्तुरा' म्हणतात. त्याचाही धात्वर्थ 'एकत्र फेकणे' असाच आहे. चार खुणा इकडून तिकडून आणून एके ठिकाणी टाकायच्या आणि त्यांतून काय आकार दिसतो ते पाहायचे. इराण आणि रोम यांनी एकमेकांना न विचारता एकच प्रतिमा वापरली. तीर सुटला आहे, लक्ष्याला लागला की नाही हे अजून कळलेले नाही. या मधल्या अवस्थेचे नाव अंदाज.

आपल्याकडील न्यायशास्त्राने या अवस्थेचा विचार अधिक काटेकोरपणे केला होता. आज आपण 'अनुमान' हा शब्द सैलपणे वापरतो. पण नैयायिकांच्या लेखी अनुमान हे प्रमाण होते. डोंगरावर धूर दिसला, आणि जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती आधीच पक्की ठाऊक असली, तर अग्नीचे ज्ञान हे ज्ञानच होय, अटकळ नव्हे. अटकळीच्या जवळचा त्यांचा शब्द 'तर्क'. गौतमाच्या न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांच्या यादीत तिसरा संशय, आठवा तर्क आणि नववा निर्णय. तर्क स्वतः प्रमाण नाही; तो प्रमाणाला वाट दाखवणारा मदतनीस आहे. निर्णयाच्या उंबरठ्यावर तो उभा राहतो, परंतु आत जाऊन आसनावर बसण्याचा अधिकार त्याला नाही. प्राचीनांनी आखलेली ही उंबरठ्याची रेघ आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

युरोपात पंधराव्या शतकात एका कार्डिनलांनी अटकळीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मोझेल नदीकाठच्या क्यूस गावी १४०१ साली जन्मलेले निकोलस हे नावाड्याचे पुत्र. पुढे १४४८ साली ते कार्डिनल झाले. १४४० नंतरच्या काही वर्षांत लिहिलेल्या 'दे कोन्येक्तुरिस' या ग्रंथात त्यांनी असा विचार मांडला, की सत्य जसे आहे तसे नेमके आपल्या हाती कधीच येत नाही. सत्याविषयी मनुष्य जे जे विधान करतो ते ते अटकळच असते. पण म्हणून ते खोटे नसते. त्या अटकळीत सत्याचा अंश असतो, आपापल्या कोनातून दिसलेला. हे समजावण्यासाठी त्यांनी दिलेला दाखला त्यांच्या काळाला शोभणारा आहे. ज्या कार्डिनल सेसारिनींना ग्रंथ अर्पण केला, त्यांनाच ते सांगतात की आपण पोप चौथे युजीन यांच्या मुखाकडे पाहता तेव्हा आपल्या डोळ्याला जे दिसते ते खरेच दिसते. परंतु तो डोळा एका ठिकाणी उभा आहे, त्याला चेहऱ्याची एकच बाजू दिसते, हे बुद्धीला कळले म्हणजे आपण पाहिले ते किती अपुरे होते हेही उमगते. निकोलस यांच्या मते अटकळ ही मनुष्याची लाज नव्हे, ती त्याची जागा आहे. देव सर्व बाजूंनी पाहतो, आपण एका बाजूने.

अटकळीला सर्वांत मानाने वागवले असेल तर ते गणितज्ञांनी. १७४२ साली गोल्डबाख या गृहस्थांनी ऑयलर यांना पत्र लिहून जी कल्पना कळवली, तिचे आजचे रूप शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. दोनहून मोठी कोणतीही समसंख्या घ्या, ती दोन मूळसंख्यांची बेरीज असते. संगणकांनी चारावर अठरा शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत हे पडताळून पाहिले, एकही अपवाद सापडला नाही. तरीही गणितज्ञ याला सिद्धांत म्हणत नाहीत. त्यांचा हा हट्ट वायफळ नाही. खुद्द ऑयलर यांनी १७६९ च्या सुमारास संख्यांच्या घातांविषयी बांधलेली एक अटकळ जवळजवळ दोनशे वर्षे अबाधित राहिली आणि १९६६ साली दोन गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने शोधलेल्या एकाच उदाहरणाने कोसळली. दोनशे वर्षांत तिच्यामुळे कोणाचे काही बिघडले नव्हते, आणि ती कोसळल्यावरही कोणाच्या घरी चूल विझली नाही.

आमचा प्रश्न इथून सुरू होतो. गणिताची अटकळ शतकानुशतके वाट पाहू शकते, कारण त्या प्रतीक्षेचा खर्च कोणालाच भरावा लागत नाही. मनुष्यव्यवहारात तसे नसते. तीर सुटल्यापासून तो लागेपर्यंतच्या काळात कोणीतरी मैदानात उभे असते. अटकळ खरी की खोटी हा प्रश्न बुद्धीचा आहे. ती सिद्ध होईपर्यंत तिचा भार कोणी वाहायचा, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे, आणि तो आपण फारच क्वचित विचारतो.

यवतमाळ जिल्ह्याकडे आम्ही वळतो ते या कारणाने. कापसाचा हा जिल्हा. बराचसा कोरडवाहू, पावसाच्या अंदाजावर जगणारा. आमच्या सरकारी कारभारातील अटकळीचा एक प्रामाणिक नमुना इथे दरवर्षी पाहायला मिळतो. पिकांची पैसेवारी, जिला जुनी माणसे अजून आणेवारी म्हणतात, ती तीन टप्प्यांनी जाहीर होते. ३० सप्टेंबरला 'नजरअंदाज', ३१ ऑक्टोबरला 'सुधारित' आणि ३१ डिसेंबरला 'अंतिम'. आकडा पन्नास पैशांच्या खाली गेला तर गावाला टंचाईच्या सवलती. या पद्धतीविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक रास्त आहेत. तथापि एका गोष्टीचे श्रेय महसूल खात्याच्या त्या जुन्या कारकुनी भाषेला दिलेच पाहिजे. नुसत्या नजरेने काढलेल्या आकड्याला तिने 'नजरअंदाज' असेच नाव दिले, आणि तो पुढे बदलू शकतो हे त्या नावातच सांगून टाकले. प्रत्येक अटकळीच्या कपाळी असे नाव असते तर किती बरे झाले असते!

२०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेल. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. काहींची दृष्टी काही काळ गेली. विष कोणी पोटात घेतले नव्हते. ते श्वासातून आणि कातडीतून शरीरात गेले होते. फवारणी ही काही जिल्ह्याला नवी नव्हती. मग त्याच वर्षी असे का व्हावे?

उत्तरांची रीघ लागली. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा फार उंच आणि दाट वाढली होती; माणसाच्या डोक्यावरून गेलेल्या झाडांवर नळी वर धरून फवारताना तुषार उलट तोंडावर आणि छातीवर पडत होते. काहींनी बोट नव्या फवारणी पंपांकडे दाखवले, ज्यांना बाजारात 'चायनीज पंप' म्हणत. त्यांतून निघणारे धुके अतिशय बारीक आणि जोरदार. काहींनी मिश्रणाकडे. एकाच टाकीत दोन-तीन औषधे, वाढीची संजीवके आणि आणखी काही मिसळण्याची पद्धत वाढली होती, आणि अशा मिश्रणाचा शरीरावर परिणाम काय हे कोणत्याच डबीवर लिहिलेले नव्हते. काहींनी सांगितले की मूळ दोष बियाण्याचा. २००२ साली बीटी कपाशी आली ती फवारणी कमी करण्याचे आश्वासन घेऊन. पण गुलाबी बोंडअळीने तिला दाद देणे सोडले आणि शेतकरी पुन्हा डबीकडे वळला. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार हाच शेतकऱ्याचा सल्लागार झाला, हेही एक कारण सांगितले गेले. आणि दमट हवा, रिकाम्या पोटी दिवसभराचे काम, घामाने उघडी पडलेली रंध्रे.

यांतील प्रत्येक अटकळीत काही तथ्य असावे असे आम्हांला वाटते. कार्डिनल निकोलस यांच्या भाषेत, प्रत्येक डोळा चेहऱ्याची एक बाजू पाहत होता. परंतु या सगळ्या गर्दीत एक अटकळ अशी होती, की जिने उंबरठ्यावर थांबण्याचे नाकारले आणि पहिल्याच आठवड्यात निर्णयाचे आसन बळकावले. ती म्हणजे, मेलेल्यांनी काळजी घेतली नाही. हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मुखवटा बांधला नाही, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, सूचना वाचल्या नाहीत.

ही अटकळ खोटी होती असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांकडे मोजे नव्हते, मुखवटा नव्हता, हे खरेच. सप्टेंबरच्या उकाड्यात, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन, रबरी पोशाखात आठ तास काम करता येते काय, हे त्या सूचना लिहिणाऱ्याने कधी करून पाहिले असेल असे वाटत नाही. आणि रोजाने फवारणाऱ्या मजुराला तो पोशाख कोणी दिला होता, हाही प्रश्न राहतोच. आम्हांला खुपते ती निराळी गोष्ट. कारखाना, विक्रेता, परवाना देणारे खाते, जमीनमालक, सल्लागार अशा लांबलचक साखळीतील नेमका तोच दुवा आधी दोषी ठरला, जो उत्तर द्यायला हजर नव्हता. बाकीच्या सर्व अटकळी सिद्ध करायला प्रयोगशाळा लागणार होती, कोणाला तरी खर्च पडणार होता. ही एकच फुकट होती.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू एका दुर्घटनेचा उल्लेख करतात. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. बुरूज का पडला याची चर्चा यरुशलेमेत झाली असेलच; पाया कच्चा होता की दगड निकृष्ट, हे कोणी विचारले की नाही, ठाऊक नाही. प्रभूंच्या बोलण्यावरून एवढे मात्र कळते की, ते अठरा जण इतर नगरवासीयांहून अधिक दोषी असले पाहिजेत, अशी लोकांची धारणा होती. प्रभू तिला साफ नकार देतात आणि प्रश्न विचारणाऱ्यांकडेच वळवतात. मेलेल्यांच्या खात्यावर दोष टाकून जिवंत माणसे आपले खाते कोरे करून घेतात, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. ईयोबाचे मित्रही राखेत बसलेल्या त्या माणसाला हेच समजावत होते. त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष होते, फक्त त्याचा भार ईयोबावर पडत होता.

मग सिद्ध होईपर्यंत गप्प बसावे काय? मुळीच नाही. दुसरी चूक तितकीच जीवघेणी आहे, आणि तीही यवतमाळात झाली. विषबाधेचे रुग्ण पावसाळ्याच्या मध्यापासून येत होते. पण कोणत्या औषधाने, किती मात्रेने, कोणत्या मिश्रणाने हे घडते आहे ते निश्चित नव्हते. निश्चिती करायची तर रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराची तपासणी हवी, जी त्या वेळी जिल्ह्यात होत नव्हती. म्हणजे पुरावा नाही म्हणून हालचाल नाही, आणि पुरावा मिळवण्याचे साधनही नाही. ऑक्टोबरात प्रकरण वृत्तपत्रांत गाजल्यावर राज्य शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरात यवतमाळसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच प्रकारच्या कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

आमच्या नीतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत एक उदाहरण ठरलेले असे. सेमिनरीतून शिकून आलेल्या कोणत्याही धर्मगुरूला विचारा, तो ते सांगेल. शिकारी रानात आहे. झुडपात काहीतरी हलते. ते हरीण असेल. दहांतून नऊ वेळा हरीणच असते. पण माणूसही असू शकेल. शिकाऱ्याने गोळी झाडावी काय? सतराव्या-अठराव्या शतकांत संभाव्य मतावर चालणे कितपत योग्य, यावर कॅथलिक नीतिज्ञांत मोठे वादंग माजले. कोणी सैल, कोणी कडक. या गदारोळातून संत अल्फोन्सस लिगोरी (१६९६–१७८७) यांनी मध्यम वाट काढली. पण शिकाऱ्याच्या प्रश्नावर पंडितांत मतभेद नव्हता. जिथे दुसऱ्याचा जीव पणाला लागलेला आहे तिथे संभाव्यतेचा हिशेब चालत नाही. अधिक सुरक्षित मार्गच धरला पाहिजे. शिकाऱ्याला झुडपात माणूस असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. ती नुसती अटकळ त्याचा हात थांबवायला पुरेशी आहे. हरीण निसटले तर नुकसान शिकाऱ्याचे, आणि ते त्यानेच सोसायचे.

एवढ्याशा उदाहरणात संशयाच्या भाराची वाटणी किती स्वच्छ केलेली आहे! ज्याच्या हाती बंदूक, संशयाचा तोटा त्याच्या वाट्याला. कीटकनाशकांच्या व्यवहारात ही वाटणी उलटी झाली. विष विकणाऱ्याने ते निर्धोक असल्याचे दाखवण्याऐवजी, विषाने पडलेल्याने ते घातक असल्याचे सिद्ध करायचे. २०२० साली या विषबाधेतील ५१ बाधितांच्या वतीने एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. काही कुटुंबांनी तेथील दिवाणी न्यायालयाचाही मार्ग धरला. कंपनीने जबाबदारी नाकारली. ज्या शेतात ज्या दिवशी जे फवारले त्याची रिकामी डबी, पावती, नोंद हे सारे सात हजार किलोमीटरवर नेऊन दाखवायचे! कोरडवाहू शेतीत रिकामी डबी जपून ठेवण्याची रीत नसते.

शिकाऱ्याचे उदाहरण यवतमाळच्या बाबतीत एकदा अक्षरशः खरे ठरले, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरात तेरा माणसे वाघाच्या हल्ल्यात गेली, आणि ती सर्व एकाच वाघिणीच्या नावे लिहिली गेली. वनखात्याच्या दप्तरी ती 'टी-१' होती, प्राणिप्रेमींनी तिला 'अवनी' म्हटले. काही मृत्यूंबाबत जनुकीय पुरावा तिच्याकडे बोट दाखवत होता, सर्व तेरांबाबत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यानंतर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. गावांत फटाके फुटले, शहरांत निषेध झाले. वाघीण दोषी की निर्दोष, यावर दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या. वास्तविक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमाला तिच्या दोषाशी कर्तव्य नाही. प्राणी मनुष्यजीविताला धोकादायक आहे काय, आणि त्याला जिवंत पकडणे शक्य आहे काय, एवढेच ते विचारते. शहरातील निषेधकर्त्यांनी पुराव्याची मागणी केली ती तत्त्वतः योग्यच होती. मात्र पुरावा गोळा होईपर्यंत सकाळी गुरे घेऊन त्या रानात जायचे होते ते बोराटीच्या माणसांना. झुडपामागे या वेळी माणसेच होती. तिला जिवंत पकडण्याचे प्रयत्न खरोखर संपले होते काय, यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नंतर प्रश्न उपस्थित केले, तो भाग निराळा आणि गंभीर आहे.

परंतु ज्या अटकळीने या जिल्ह्यात सर्वांत अधिक घरे गाठली आहेत, ती मेलेल्याच्या मनाविषयीची आहे. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात यवतमाळचे नाव देशाला ठाऊक झाले त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची रीत घालून दिली. त्यासाठी मृत्यूचे कारण नापिकी, कर्जबाजारीपणा वा कर्जफेडीचा तगादा हे असले पाहिजे. तहसीलदाराचा अहवाल जातो. सातबारा, बँकेचा किंवा सोसायटीचा दाखला, पोलिसांचा पंचनामा जोडला जातो. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती त्या मृत्यूला 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरवते.

या शब्दांपाशी आम्ही थबकतो. शासनाला निकष लागतात, सार्वजनिक पैसा मोजून द्यावा लागतो, हे आम्हांला मान्य आहे. पण समितीपुढे खरा प्रश्न कोणता असतो? एक माणूस, जो आता बोलू शकत नाही, त्याने शेवटच्या रात्री काय विचार केला, हा. कर्ज होते, पण दारूही होती. नापिकी झाली, पण घरात भांडणही झाले होते. आजारपण होते, आणि औषधाला पैसे नव्हते कारण कापूस गेला होता. या धाग्यांतून एक ओढून 'हे कारण' म्हणणे म्हणजे निव्वळ तर्क. शिवाय जे कागदावर येते तेवढेच मोजले जाते. बिगरपरवाना सावकाराच्या कच्च्या चिठ्ठीला दाखला मिळत नाही. ठेक्याने वा बटईने शेती करणाऱ्याच्या नावाने सातबारा निघत नाही. जिथे कागद गप्प बसतो तिथे संशयाचा निकाल 'अपात्र' असा लागतो, आणि तो भार जिच्या घरी जातो तिने ना कर्ज काढलेले असते ना अहवाल लिहिलेला असतो. तिला गावात दुसरा अर्थही ऐकावा लागतो. सरकारनेच अपात्र ठरवले म्हणजे तो शेतीपायी गेला नव्हता, त्याचेच काहीतरी असणार.

आम्ही ख्रिस्तजनांनी इथे फार उंच आवाजात बोलू नये, कारण मृताच्या मनावर निवाडा देण्याचे काम आमच्या दप्तरातही होऊन गेले आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारला जाई. यवतमाळ जिल्हा ज्यात येतो तो अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला; म्हणजे तेथील धर्मगुरूंनीही जवळजवळ तीन दशके याच नियमाखाली काम केले. कुंपणाबाहेरच्या जागेची आठवण अनेक जुन्या धर्मग्रामांत अजून आहे. १९८३ च्या नव्या संहितेत दफनविधी नाकारण्याच्या कारणांतून आत्महत्या वगळली गेली. तीव्र मानसिक यातना, भय वा निराशा माणसाची जबाबदारी किती कमी करतात हे बाहेरून मोजता येत नाही, आणि अशा मृताच्या तारणाविषयी आशा सोडू नये, असे १९९२ चा धर्मोपदेश शिकवतो.

परंतु त्या जुन्या, कठोर संहितेतही एक बारीक कलम होते, जे बहुधा विसरले जाते. मृत्यू जाणूनबुजून घडला की नाही याविषयी संशय असेल तर महागुरूंना विचारावे. आणि विचारूनही संशय फिटला नाही तर विधी करावा, फक्त कोणाला ठेच लागणार नाही एवढी दक्षता घ्यावी. नियम इतका कडक, तरी न फिटलेल्या संशयाचा कौल मेलेल्याच्या बाजूने. ज्याने ते कलम लिहिले त्याला बहुधा झुडपातला माणूस आठवत असावा.

जिल्हा समितीच्या तक्त्यात पात्र आणि अपात्र यांच्या जोडीने तिसरा एक रकाना असतो, 'चौकशीसाठी प्रलंबित'. आम्हांला त्या तिन्हींत तोच सर्वांत सत्याला धरून वाटतो. कारण खरोखर ठाऊक नाही, एवढेच तो सांगतो. पण त्या रकान्यात पैसे नसतात, आणि पुढच्या बैठकीत तो रिकामा करावा लागतो.